पाटीवरची रिकामी जागा

लाखांदूरच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडारीचं लोकनाट्य ऐन रंगात असताना निवेदकानं माईकवरून पुकारलं, "आपल्या तालुक्याचे सुप्रसिद्ध सीए सेलोकर साहेब!" सेलोकर तडक मंचावर चढला, माईक घेतला आणि म्हणाला, "मी प्रसिद्ध नाही." लोकांना तो दंडारीतलाच सोंगाड्या वाटला. टाळ्या पडल्या.

त्याला मात्र घाम फुटला होता. सीएनं स्वतःची जाहिरात करू नये असा नियम आहे, आणि नियम म्हटला की सेलोकर हात जोडतो. मुलीच्या लग्नपत्रिकेवर त्याच्या फर्मचं नाव छापलं गेलं. अशी पत्रिका नातेवाईक, मित्र आणि अशील यांनाच द्यायची, हाही नियमच. दूधवाला तिन्हींत बसेना. शेवटी दारात उभं करून त्याला म्हणाला, "आजपासून तू माहा मित्र." मग पत्रिका दिली.

फर्म काढली तेव्हाची तऱ्हा तर विचारू नका. खोली भाड्यानं घेतली, पण नावाला मंजुरी यायची होती. आलेल्या माणसाला हा बाहेर खुर्ची द्यायचा. "फर्म अजून जन्मली नाही. चहा घ्या." बरेच दिवस नुसता चहाच चालला.

मंजुरी आल्यावर पाटी लागली. वर फर्मचं नाव, त्याखाली सेलोकरचं, आणि खालची अर्धी पाटी कोरी. पेंटरचा रंग संपला, असं गाव अजून समजतं.

मी त्याच्या शेजारी झेरॉक्सचं दुकान चालवतो. नागपुरात एका खोलीत राहून आम्ही दोघांनी अभ्यास केला. तो पास झाला, माझा शेवटच्या पेपरांचा एक ग्रुप राहिला तो राहिलाच. परीक्षा जवळ आली की तो दुकानात डोकावतो. "फारम भरला काय बे?" मी मशीन सुरू करतो. मशीनच्या आवाजात उत्तर द्यावं लागत नाही.

परवा त्याच्याकडे नागपूरचा एक हुशार सीए भागीदारी मागायला आला. सेलोकरनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "जागा भरली हाये." मला रागच आला. एकटा मरमर काम करतो, आणि वर खोटं बोलतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला कपाटातून फर्मची फाईल काढायला सांगितली. नोंदणीपत्राच्या मागे भागीदारीचा कागदी अर्ज होता. कॉम्प्युटर रिकामा रकाना ठेवून पुढं जाऊ देत नाही, म्हणून कागदावर. भागीदार म्हणून माझं नाव, पेन्सिलीनं. पुसट झालं की पुन्हा गिरवलेलं. सीए झाल्यावरच मिळणाऱ्या सदस्य क्रमांकाची जागा कोरी.

"हे नियमात बसते काय?" मी विचारलं.

"पेन्सिलीनं लिहाले कोणाची परवानगी लागते बे?" तो चष्मा पुसत म्हणाला. मग नेहमीचं. "फारम कधी भरतं?"

"आजच," मी म्हणालो आणि दुकानात आलो. मशीन बंदच ठेवलं.