ढबीचं पोट आणि कुजका पेरू

एका जंगलात, मुलांनो, एके वर्षी एकच आजार उरला. बाकीचे सगळे आजार सरकारनं तात्पुरते बंद ठेवले होते.

या आजाराचं नाव शिंकताप. तो झाला की आधी वास येईनासा व्हायचा. मग ताप, मग धाप. कितीतरी म्हातारे प्राणी त्यात गेले. आजार खोटा नव्हता हां, भीतीही खोटी नव्हती. म्हणून महाराजांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी आपापल्या बिळात बसावं आणि दवाखान्यात फक्त शिंकतापवाल्यांनीच यावं.

दवाखाना वडाच्या ढोलीत होता. दारात वानरराव बसायचे. त्यांच्या हातात काठीला टोचलेला एक कुजका पेरू. कुणी आलं की पेरू त्याच्या नाकाशी धरायचा. वास आला तर घरी जा, नाही आला तर आत या. एवढं शिकायला वानरराव तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते.

त्याच जंगलात चंद्री रानडुकरीण आणि तिची मुलगी ढबी राहत. एका सकाळी ढबीनं समोरचा कंद खाल्ला नाही. तुम्हाला यात काही वाटणार नाही, पण ढबीला ओळखणारं कुणीही हादरलं असतं.

"बेंबीपाशी दुखतंय," ढबी म्हणाली.

शेजारच्या साळूआजीनं बिळातूनच निदान केलं. "खादाड आहे मेली. ओवा दे. आणि दवाखान्यात नेऊ नकोस बाई, नसता आजार घेऊन येशील."

चंद्रीला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. तिनं ओवा दिला. दुपारी ढबी ओकली. संध्याकाळपर्यंत दुखणं बेंबीवरून उजवीकडे खाली सरकलं. दुसऱ्या दिवशी पोर वाकून चालायला लागली, तेव्हा मात्र चंद्रीनं तिला पाठीवर घेतलं आणि दवाखाना गाठला.

"वास येतो?" वानररावांनी पेरू पुढे केला.

"येतो," ढबी कण्हत म्हणाली. "आणि तुम्ही सकाळी कांदा खाल्लाय."

"उत्तम! मुलगी ठणठणीत आहे."

"अहो, पण पोट दुखतंय तिचं. हात लावू देत नाही."

"पोट सध्या आमच्याकडे नाही, बाई. नाक आहे."

आता रानडुकराच्या पोरीला वास येणार नाही, असं कधी झालंय का? जमिनीत वीतभर खाली असलेला कंद त्यांना वरून कळतो. चंद्री आल्या पावली परतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ढबीचं दुखणं एकदम थांबलं.

टाळ्या वाजवू नका. साळूआजीनं वाजवल्या. "बघ, ओव्याचा गुण!" सरकारी पोपट येऊन पानावर लिहून गेला, 'पोटदुखी, एक. घरच्या घरी बरी.'

दुपारी ढबी तापानं फणफणली. पोट फळीसारखं कडक झालं. आतड्याला बोटभर शेपूट असतं, ते सुजून फुटलं होतं. फुटल्यावर दुखायचं थोडा वेळ थांबतं, हे चंद्रीला कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की कंदाचं नाव काढलं तरी पोर डोळे उघडत नाही. ती भयंकर घाबरली.

पोरीला घेऊन ती पुन्हा निघाली. वाटेत डबकं लागलं. चंद्री थांबली. ती जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. तिनं चिखलाचे दोन गोळे केले आणि ढबीच्या नाकपुड्यांत घट्ट बसवले.

"तोंडानं श्वास घे, बाळा. काही विचारलं तर नाही म्हण."

"वास येतो?"

"नाही."

वानररावांचा चेहरा खुलला. "या, या! अरे, आत घ्या यांना!"

आत सुतारपक्षी होता. जंगलात पोट उघडून शिवणारा तो एकटाच. दोन महिने कुणी आलं नव्हतं म्हणून नुसता चोचीला धार लावत बसला होता. त्यानं आधी ढबीच्या नाकातला चिखल काढला, मग पोट चोचीनं हलकेच दाबून पाहिलं आणि तो ओरडलाच, "कालच का नाही आणलंत?"

"आणली होती," चंद्री म्हणाली. "तेव्हा तिला वास येत होता."

सुतारपक्षी चोच सरसावून पुढे झाला. कामाला लागला.

दोन दिवसांत घरी गेली असती ती पोर महिनाभर पडून राहिली. पण वाचली. गोष्टीत एवढं तरी चालतं.

दरम्यान बातमी फुटलीच. पाय मोडलेलं पाडस, कानात काटा गेलेला ससा, सगळ्यांच्या आया डबक्याकाठी रांगेत उभ्या राहिल्या. महाराजांनी तत्परतेनं दखल घेतली. चिखलावर बंदी आली.

ढबी घरी निघाली त्या दिवशी दारात समारंभ झाला. शिंकतापावर मात केल्याबद्दल वानररावांनी तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. पोपटानं महाराजांचा अहवाल वाचला. "यंदा जंगलात पोटदुखीचे रुग्ण निम्म्यानं घटले. शिस्तप्रिय लेकरांचं अभिनंदन!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ढबीनं मान वाकवून माळेतला एक झेंडू खाल्ला. मग दुसरा खाल्ला. ते बघून चंद्रीला रडू फुटलं, आणि लोकांना वाटलं, अहवाल ऐकून बाई भारावली.

तात्पर्य : लेकराला वेळेवर दवाखान्यात न्यावं, हे खरंच. पण नेण्याआधी सध्या कोणता आजार चालू आहे याची नीट चौकशी करावी, आणि लेकराला तोच झालाय, असं दारात सांगावं.