पंख्याची कायदेशीर दुरुस्ती

मार्च १९८९ मधल्या एका सोमवारी, सकाळी पावणेअकराला, जयपूरच्या एका सरकारी पाणी-तपासणी प्रयोगशाळेतला पंखा बंद पडला. साधा छताचा पंखा नव्हता. आम्लाच्या वाफा खोलीबाहेर फेकण्यासाठी काचेच्या कपाटात बसवलेला होता. त्याच्यासमोर बसून पाण्याचे नमुने नायट्रिक आम्लात आटवण्याचं काम विजयमाला तायडे आठ वर्षं करत होत्या.

विजयमालाबाईंनी लाकडी पट्टीने पातं जरा ढकललं. पंखा गुणगुणला, दोन गिरक्या घेतल्या आणि थांबला. म्हणजे कंडेन्सर गेला होता. तसा कंडेन्सर जवळच्या सोडाला बाजारातल्या कुठल्याही विजेच्या दुकानात मिळत होता आणि बसवायला दहा मिनिटं पुरली असती. पण सरकारी पंख्याला सरकारी माणसाने हात लावायचा नसतो, तक्रार करायची असते. बाईंनी तक्रार लिहिली आणि योग्य मार्गाने, म्हणजे प्रमुख रसायनज्ञ माथुरसाहेबांमार्फत, वर पाठवली.

पाचव्या आठवड्यात तिघांची समिती आली. नियमाप्रमाणे, समिती खोलीत असताना आम्ल उघडं ठेवता येत नव्हतं आणि शेगडीही पेटवता येत नव्हती. सगळं बंद करून समितीने तीन दिशांना तोंड करून तीन वेळा श्वास घेतला आणि अहवाल दिला, 'खोलीत वाफा आढळल्या नाहीत.'

"साहेब, शेगडीच पेटलेली नव्हती," विजयमालाबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे, मॅडमजी," माथुरसाहेब म्हणाले. "शेगडी पेटली नाही तर वाफा होत नाहीत, हेच समितीने सिद्ध केलंय. उपाय तुमच्याच हातात आहे."

"पण मग नमुने कसे तपासायचे?"

"त्याची वेगळी समिती असते."

एव्हाना उन्हाळा चढला होता. खिडकी उघडली की लू, म्हणजे तिकडचा उष्ण वारा, धूळ घेऊन आत येई आणि पाण्याच्या नमुन्यात वाळू सापडे. खिडकी लावली की बाईंना खोकला येई. त्यांनी खिडकी लावली, कारण नमुना खराब झाला तर अहवाल चुकतो, आणि खोकल्याचा रकाना अहवालात नव्हता.

घरी, जवाहर नगरच्या क्वार्टरमध्ये, त्यांचे यजमान देवराम तायडे यांनी हा खोकला महिनाभर ऐकला. देवराम रेल्वेत सिग्नलकडे होते. अकोल्याहून बदली होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती.

"तो कंडेन्सर मी बसवून देतो. रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही बाहेरचे. तुम्हाला तर आत यायलाही परवानगी नाही."

"मग कोर्टात जा. तो नवा ग्राहक मंच निघालाय म्हणे."

वकील भंडारीजी शांत आणि उत्साही गृहस्थ होते. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, दोन वेळा "वा" म्हटलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कोण आहात?"

"रसायनतज्ज्ञ."

"कायद्यात कोण आहात? पंखा खात्याने घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. कामगार न्यायालयात जावं तर तुम्ही अहवालावर सही करता, म्हणून ते तुम्हाला कामगार मानणार नाहीत. अधिकाऱ्यांसाठी तक्रार निवारण समिती आहे, पण तुम्ही राजपत्रित नाही."

"मग खोकतंय ते कोण?"

"छान मुद्दा आहे. पण त्यासाठी कलम नाही."

मग भंडारीजींनी एक वाट शोधली. खरेदीदाराच्या संमतीने जो वस्तू वापरतो, तोही ग्राहकच असतो. म्हणजे खात्याच्या संमतीने आपण हा पंखा वापरतो, एवढा दाखला बाईंनी आणायचा.

"असा दाखला कसा देऊ?" माथुरसाहेब खरोखरच अडचणीत पडले. "पंखा बंद आहे. बंद पंखा तुम्ही वापरता असं लिहिलं तर ते खोटं होईल."

तीन मसुदे झाले. शेवटी 'पंखा चालू असता मॅडमनी तो वापरण्यास खात्याची हरकत नसती' असा दाखला मिळाला. मंचाने तो स्वीकारला, पंख्याच्या कंपनीविरुद्ध प्रकरण दाखल करून घेतलं आणि पंखा पुरावा असल्यामुळे त्याच्या चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवून लाखेचं सील मारलं.

नंतरच्या आठवड्यात पंख्याच्या कंपनीचा मेकॅनिक फूलचंद आला. त्याच्या खिशात नवा कंडेन्सर होता. त्याने सील पाहिलं आणि कंडेन्सर पुन्हा खिशात ठेवला.

"मामला कोर्ट में है, मॅडमजी."

"दहा मिनिटांचं काम आहे, भैया."

"माझ्या हिशोबाने आठ मिनिटांचं. पण पुरावा दुरुस्त केला तर मला आत टाकतील." तो चहा प्यायला आणि गेला.

तारखा पडत राहिल्या. पहिल्या तारखेला कंपनीचा वकील आला नाही, दुसऱ्या तारखेला अध्यक्ष आले नाहीत. तिसऱ्या तारखेला सगळे आले, पण विजयमालाबाईंना बोलता येईना, कारण तोंड उघडलं की खोकला येत होता. त्यांचं म्हणणं लेखी घेण्यात आलं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी, समोर नमुन्यांच्या बेचाळीस बाटल्या असताना, बाईंनी सील नीट निरखून पाहिलं. सील चौकटीवर होतं. कंडेन्सरची डबी बाजूच्या भिंतीवर होती आणि तिच्यावर कुणीच काही चिकटवलेलं नव्हतं. निरीक्षणात चूक नको म्हणून त्यांनी दोनदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पंखा फिरू लागला. त्यांनी घड्याळ लावलं होतं. नऊ मिनिटं लागली.

पंधरा दिवसांत खोकला थांबला. बेचाळीस बाटल्या तपासून झाल्या, पुढच्या बेचाळीस आल्या. बाई काम करताना गुणगुणू लागल्या. पंख्याचा खटला आपण लढतो आहोत, हे त्या जवळजवळ विसरून गेल्या.

नोव्हेंबरात निकाल लागला. बाई पूर्णपणे जिंकल्या. कंपनीने तीस दिवसांत पंखा दुरुस्त करावा आणि खात्याने तसं प्रमाणपत्र सादर करावं, असा आदेश झाला.

फूलचंद आदेश घेऊन आला आणि फिरत्या पंख्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"हा चालतोय."

"हो."

"मग मी दुरुस्त काय करू?"

माथुरसाहेबांना बोलावण्यात आलं. त्यांनी आदेश वाचला, वर पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. "मॅडमजी, बंद नसलेला पंखा दुरुस्त केल्याचं प्रमाणपत्र देता येत नाही. प्रमाणपत्र गेलं नाही तर आदेशाचा भंग होतो. आणि पंखा चालत होता असं कळवलं तर तुमची तक्रार खोटी ठरते. या खात्यात आजवर कुणी जिंकलं नव्हतं हो."

विजयमालाबाईंनी कपाटाच्या खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्वतः बसवलेला कंडेन्सर काळजीपूर्वक सोडवून घेतला. पंखा मंदावत थांबला. फूलचंदने पट्टीने पातं ढकलून पाहिलं आणि समाधानाने लिहिलं, 'पंखा नादुरुस्त आढळला.'

"आता बसवा," बाई म्हणाल्या.

"आता आदेशावरचं काम आहे, मॅडमजी. खिशातला चालत नाही. दिल्लीहून नंबराचा यावा लागतो."

बाईंनी खिडकी लावली आणि शेगडी पेटवली.

खटला जिंकल्याची बातमी जवाहर नगरात पसरायला वेळ लागला नाही. पहिल्याच रविवारी शेजारच्या कलावतीबाई पेढे घेऊन आल्या. त्यांच्या मोरीतला नळ दिवाळीपासून ठिबकत होता. त्यांना भंडारीजींचा पत्ता हवा होता.

विजयमालाबाईंनी खोकल्याची उबळ जाऊ दिली आणि विचारलं, "वॉशर बदलून पाहिलात?"

"वॉशर आणून ठेवलाय की घरात," कलावतीबाई म्हणाल्या. "पण तो बदलला तर मग तक्रार कशाची करायची?"

देवराम हसणार होते, पण बायकोने पत्ता लिहायला घेतलेला पाहून थांबले. तो पत्ता आता कॉलनीत बारा घरी आहे. वाचकांपैकी कुणाला हवा असल्यास जरूर मिळेल. फक्त मागण्यापूर्वी आपल्या खणातला वॉशर कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी ठेवावा.