फादियसचं नाणं आणि दोन खेचरं

मी कोसस. रोममधल्या आमच्या सुबुरा मोहल्ल्यात कोंबडी हरवू दे नाहीतर नवरा पळू दे, शोधायला माणसं माझ्याकडंच येतात. सापडत नाही ही गोष्ट वेगळी. कोंबडीला अक्कल नसते, ती भलतीकडंच जाते, त्याला मी काय करणार?

त्या दिवशी फादियस कुंभाराच्या पोरीचं लग्न. पोरगी सजलेली, नवऱ्याकडचे न्यायला दारात, आणि बाप कोनाड्यापुढं डोकं धरून बसलेला. फौजेत हाडं झिजवून त्यानं एकच चांदीचं नाणं राखलं होतं, पोरीला जाताना द्यायला. तेच गायब. ते मिळाल्याशिवाय पोरगी उंबरा ओलांडणार नाही म्हणाला.

मी विचारलं, "छाप काय होती?"

"एकीकडं रोमादेवी, शिरस्त्राणाला पंख. दुसरीकडं जुळे देव, घोडे उधळलेले."

बास. पंख, म्हणजे चोर वरनं आला. छपरावर चढलो. तिथं मांजर होतं, त्याची कसून चौकशी केली. जुळे, म्हणजे चोर दोन. नाण्यावरचे घोडे उजवीकडं पळतात, म्हणजे चोरही उजवीकडं. खाली उतरून उजवीकडं बघतो तर नवऱ्याचा मामा दोन खेचरं धरून उभा. धरलं मनगट.

मामा शांतपणे म्हणाला, "सोड. वरात माघारी नेतो."

मागनं धावत आलेला फादियस ओल्या मडक्यासारखा खाली बसला.

तेवढ्यात नवरी म्हणाली, "आत्या, सपातेत काय घातलंस गं? टोचतंय."

नवरीच्या सपातेत नाणं घालायचंच असतं, सासरच्या चुलीजवळच्या देवांसाठी. पण तांब्याचं.

आत्या म्हणाली, "तांब्याचं केवढं थोरलं, पायाखाली मावेना. कोनाड्यात हे बारकं दिसलं, घातलं."

"मग इतका वेळ बोलली का नाहीस?" फादियस ओरडला.

"ह्यानं मांजराला विचारलं. मला कुणी विचारलं?"

सपात काढली. जुळे देव घोड्यांसकट बाहेर आले. फादियसनं नाणं अंगरख्याला पुसलं, खूप वेळ बघत राहिला. मग गुडघ्यावर बसून परत सपातेत ठेवलं आणि सपात स्वतः तिच्या पायात सरकवली.

"टोचेल, बाबा."

"टोचू दे. सासरच्या दारापर्यंत तरी बाप आठवेल."

वरात निघाली. मी हळूच कलटी मारत होतो, तर मामानं दोन्ही खेचरांचे दोर माझ्या हातात कोंबले.

"धर तुझे चोर. पळाले तर तुला विचारीन."

वाटभर एक चोर माझा अंगरखा खात होता.