पावडरीची पेज

वजनकाट्यावरचा आकडा पाहून सुचिताचं तोंड उतरलं.

"आई, महिनाभर पावडर खाऊन डुकरं आहेत तिथंच! मी सांगितलं तशीच देता ना?"

"तर! रोज माझ्या हातानं देते," तिच्या सासूबाई, येसूबाई म्हणाल्या. "थंड जागी ठेवा म्हनालीस, म्हनून डबासुदिक माठाला टेकवून ठेवलाय."

न्हावा शेव्याच्या गोदामातली नोकरी सोडून सुचितानं पालीजवळच्या वाडीत वाढत्या डुकरांची शेड घातली होती. सासूबाईंची अट एकच होती. डुकरं विकत घेणाऱ्या वसईच्या इनासकाकांनी ही डुकरं नापसंत केली, की शेड बंद आणि सूनबाई परत गोदामात.

ती पावडर एन्झाइमची होती. पोटात गेल्यावर ती कातरीसारखी चालते. कोंड्यातला चिवट भाग कापून बारीक करते, मग तो डुकरांना पचतो आणि अंगी लागतो. निदान तसं व्हायला हवं होतं.

सुचितानं पावडर दुप्पट केली. फरक नाही. कोंड्याची गिरणी बदलली. तरीही नाही. शेवटी तिनं दुकानदाराला फोन लावला, "डब्यात काय रांगोळी भरून देता का हो?"

दुकानदार इतका दुखावला, की दुसऱ्याच सकाळी त्यानं जनावरांच्या डॉक्टर राहीला वाडीवर धाडलं. सुचिता गिरणीतून परतली, तेव्हा राही शेडमागे थबकून उभी होती. समोर चूल पेटलेली, त्यावर मोठं पातेलं रटरटत होतं आणि येसूबाई पळीनं ढवळत होत्या.

"आई, हे काय?"

"पेज. कोरडा कोंडा घशात अडकतो त्यांच्या. आपन खातो का कोरडं?"

"आणि पावडर?"

"ती पयल्याच उकळीला टाकते. तू दुप्पट केलीस, तशी मीपन दुप्पट येळ शिजवते. कच्ची ऱ्हायला नको."

सुचिता मटकन खाली बसली. राहीनं कसंबसं हसू दाबलं.

"आजी, उकळलं की ही कातर बोथट होते. पावडरीत मग काही दम राहत नाही."

येसूबाईंचा हात थांबला. "म्हंजे मीच पोरांच्या तोंडचा घास काढला?"

"नाही हो! पेज द्या की. फक्त पुरती निवू द्या, मग पावडर कालवा."

त्या दिवसापासून येसूबाई पातेल्यापाशी बसून सुपानं वारा घालू लागल्या. बोट बुडवून गार लागल्याशिवाय डब्याला हात लावत नव्हत्या. डुकरं हळूहळू भरू लागली.

ठरल्या दिवशी इनासकाका टेम्पो घेऊन आले. त्यांनी एकेकाच्या पाठीवर थाप मारली. "झकास! चढवूया गाडीत."

सुचितानं मोकळा श्वास घेतला. पण येसूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कुठं भरल्यात अजून? ती बारकी बघा, हाडं दिसतात तिची."

"मावशी, मला पसंत आहेत!"

"मला न्हाईत. म्होरल्या महिन्यात या."

इनासकाकांनी सुचिताकडे पाहिलं, सुचितानं सासूकडे. येसूबाईंनी शेडची कडी घातली आणि सुनेवर खेकसल्या, "बघतेस काय? चहा टाक. पाव्हनं लांबून आल्यात, रिकाम्या हातानं जायचंय त्यांना."