सात नंबरची लोकर

बारशाला चार दिवस उरले असताना लताबाईंची लोकर आली. खोका उघडला तर आत अंगठ्याएवढी जाड लोकर!

"अहो, ही लोकर आहे की गाय बांधायचं दावं?"

"असं कसं? शून्य ते सात नंबर होते. मी सगळ्यात बारीक मागवली, सात!" रंगनाथराव म्हणाले.

रंगनाथरावांची तीस वर्षं सातपूरला पत्र्याच्या कारखान्यात गेली होती. पत्र्याचा नंबर जितका मोठा, तितका पत्रा पातळ. लोकरीचं नेमकं उलटं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

लताबाईंना रडूच आलं. लेकीच्या सासूबाईंना, पिंपळगावच्या सिंधुबाईंना, त्यांनी फोनवर ठणकावून सांगितलं होतं, की बारशाला नातीच्या अंगात माझ्याच हातचा स्वेटर असेल. "जमंल का पण तुम्हाला?" असं त्या म्हणाल्याही होत्या. लताबाई विणकाम शिकल्या होत्या महिन्यापूर्वी, मोबाइलवर बघून.

"मी मेनरोडवरून बारीक आणते."

"बारीक लोकरीला पंधरा दिवस लागतील. ही बघ कशी झटपट होते!"

एवढ्या जाड लोकरीला चालेल अशी सुई घरात नव्हती. रंगनाथरावांनी मित्राच्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचे दोन रॉड टोकदार करून आणले. लताबाई विणायला बसल्या.

"एका बाहीला चाळीस टाके सांगितलेत. लोकर जाड आहे, कमी घालू का?"

"ड्रॉइंग बदलायचं नाही! चाळीस म्हणजे चाळीस."

व्हिडिओतल्या बाईंनी आधी बाह्या करायला सांगितल्या होत्या. शनिवारी दुपारी दोन्ही बाह्या झाल्या आणि लोकर संपली. एकेक बाही लोडाच्या खोळीएवढी झाली होती. लेक योगिनी पोट धरून म्हणाली, "आई, हसवू नकोस गं, माझे टाके दुखतात!"

रविवारी पाहुणे आले. बाळानं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. बाराव्या दिवशीही रात्र-दिवसाचा हिशेब तिला मान्य नव्हता. सिंधुबाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "ताई, दावा की स्वेटर."

लताबाईंनी जड हातानं बाह्या पुढे केल्या. सिंधुबाईंनी एक उचलून उलटसुलट पाहिली, आत कोपरापर्यंत हात घातला.

"हे नेमकं काय हाय?"

लताबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रंगनाथराव खाकरले. तेवढ्यात रडणाऱ्या बाळाला घेऊन हात भरून आलेल्या योगिनीनं, दुसरं काही सुचेना म्हणून, बाळाचे पाय उरलेल्या बाहीत सारले. बाळ काखेपर्यंत आत गेलं. एकदा जांभई दिली आणि झोपलं.

बाळाला बाहीसकट पाळण्यात ठेवलं, नाव ठेवलं, कानात कुर्र केलं, आत्याच्या पाठीवर बुक्के पडले, तरी बाळानं डोळा उघडला नाही.

सिंधुबाई हळूच लताबाईंना खेटून बसल्या.

"लय हिकमतीच्या तुम्ही! मला वाटलं, साधा स्वेटर विणाल."

"छे हो," लताबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघायचं त्यांनी कटाक्षानं टाळलं.

"एक इचारू का? आमचे हे दुपारचे झोपत नाय आन मला बी झोपू देत नाय." त्यांनी कोपऱ्यात पेढा खात बसलेल्या व्याह्यांकडे मान वळवली. "त्यांच्यासाठी किती टाके घालावे लागतील?"

लताबाई काही बोलणार, तोवर रंगनाथराव मोजपट्टी घेऊन व्याह्यांच्या पोटापर्यंत पोचलेही होते.