वर्षातला सर्वांत टाकाऊ सिनेमा

पाणीपुरवठा कार्यालयात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणाऱ्या कारकुनाला सगळे ‘तक्रारसाहेब’ म्हणत. कार्यालयाच्या वार्षिक अंकासाठी टायपिस्टबाईंनी त्यांच्या टेबलावर एक कागद ठेवला. यंदाचा सर्वांत आवडलेला सिनेमा कोणता, सर्वांत नावडलेला कोणता, आणि का?

तक्रारसाहेबांनी वर्षभरात दोनच सिनेमे पाहिले होते. पहिला बायकोबरोबर. त्यात तीन लग्नं, हरवलेले जुळे भाऊ आणि एक हेलिकॉप्टर होतं. घरी आल्यावरही त्यांचे कान वाजत होते. दुसरा त्यांनी एकट्यानं पाहिला, दाढ काढायला जातो म्हणून सांगून. एका म्हाताऱ्या घड्याळजीची गोष्ट. भांडून गेलेली त्याची मुलगी वीस वर्षांनी परत येते, बंद दुकानाच्या दारावर थाप मारायला हात उचलते, आणि मध्यंतर. दिवे लागले तेव्हा तक्रारसाहेबांचे डोळे ओले होते. पण कुणी ओळखीचं बघेल या धास्तीनं ते मागच्या दारानं सटकले. पुढे चार दिवस न काढलेल्या दाढेसाठी बायकोनं त्यांना सूपच पाजलं.

अंक घरी जाणार, बायको वाचणार. म्हणून आवडलेल्याच्या रकान्यात त्यांनी हेलिकॉप्टरवाला सिनेमा लिहिला.

“दुसरा रकाना कोरा कसा?” टायपिस्टबाईंनी विचारलं.

“नावडलेलं काही नाही हो.”

“असं कसं? लोक आधी तोच रकाना वाचतात!”

नावडत्या सिनेमाची कुणी चौकशी करत नाही, असा विचार करून त्यांनी घड्याळजीचं नाव टाकलं. तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण वीस वर्षं तक्रारी वाचून तक्रार कशी करावी हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. हात चालतच राहिला. ‘गोगलगायीच्या गतीनं चालणारा सिनेमा. घड्याळजी रडका, मुलगी त्याहून रडकी. शेवट तर पार फसलेला. वर्षातला सर्वांत टाकाऊ सिनेमा.’

अंक निघाला. जेवणाच्या सुट्टीत तो उतारा मोठ्यानं वाचला गेला, लोक हसून लोटपोट झाले. तक्रारसाहेबांनी मात्र डबा अर्धाच ठेवून झाकण लावलं. आपल्याला रडवणाऱ्या माणसाची आपण चारचौघांत टिंगल केली, असं त्यांना वाटत राहिलं.

दुपारी कार्यालयाचे मोठे साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी आले.

“वाचवलंत बुवा आम्हाला! कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी रविवारी आपण खास खेळ ठेवणार होतो ना, त्यात हाच घड्याळजी दाखवायचा ठरला होता.”

तक्रारसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. “मग दाखवू या की!”

“छे! तुमचं वाचून लगेच रद्द केला. आता तुमच्या आवडीचा, हेलिकॉप्टरवाला. हे घ्या दोन पास. पहिल्या रांगेतले!”

“साहेब, मी जरा जास्तच लिहिलं. शेवट तसा...”

“कशाला सावरून घेताय? पार फसलेला म्हणजे फसलेला!”

संध्याकाळी ते घरी पोचले तर बायको अंक उघडून बसली होती. त्यांनी पास टेबलावर ठेवले.

“परत तोच?” ती किंचाळली. “अहो, माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं!”

“म्हणजे तुला आवडला नव्हता?”

“मी तुमच्यासाठी बसले होते!”

“आणि मी तुझ्यासाठी.”

तिनं पान उलटलं. आता दाढ निघणार, हे तक्रारसाहेबांनी ओळखलं आणि मान खाली घातली. पण तिचा आवाज एकदम हळू झाला.

“शेवट फसलाय असं लिहिलंयत. काय होतं हो शेवटी? तो दार उघडतो का?”

“दाराचं तुला कसं माहीत?”

ती अंकाची कडा दुमडत राहिली. “तुमच्या दाढेच्या दिवशीच मीही गेले होते. सांगितलं असतं तर तुम्ही बरोबर आला असतात आणि घोरला असतात. मध्यंतरात पुढे बघते तर तीन रांगा सोडून तुमचं टक्कल. पकडले जाईन म्हणून पळाले. मनात म्हटलं, निदान ह्यांनी तरी पुरा पाहिला असेल. तेव्हापासून वाट बघतेय, कधीतरी बोलण्याच्या ओघात शेवट सांगाल म्हणून.”

तक्रारसाहेबांनी खुर्ची ओढली. “मीही मध्यंतरातच निघालो.”

“मग हे फसलेला वगैरे?”

“उगाच लिहिलं.”

तिनं दुमडलेली कडा बोटानं सरळ केली.

“उघडलं असेल त्यानं दार,” ती म्हणाली.

“ऐकूच आलं नसेल त्याला. दुकानभर घड्याळांची टिकटिक.”

“बापाला ऐकू येतं.”

ती उठली, दोन्ही पास अंकात घालून तो मिटला आणि म्हणाली, “पुढच्या वेळी चोरून गेलो ना, तर एकानं तरी शेवटपर्यंत बसायचं.”