हळदीकुंकू सार्वजनिक आहे काय?

आमचे थोरले दीर चहा मागायचे ते दावे मांडून.

सकाळी माडीवरून उतरायचे, सैपाकघराच्या दाराशी उभे राहायचे आणि घसा खाकरून म्हणायचे, "दावा पहिला : एक कप, ज्यात चहा आहे. दावा दुसरा : पहिल्या दाव्यातला कप, ज्याला कान आहे. दावा तिसरा : दुसऱ्या दाव्यातला चहा, जो गरम आहे." मग माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, फुंकणी खाली ठेवून म्हणायच्या, "दावा चौथा : गप पाटावर बस."

लग्न होऊन मी बोरगावहून शहापुरात आले तेव्हा हा प्रकार बघून मला वाटलं, घराण्यात वेड आहे आणि ते आमच्यापासून लपवून ठेवलं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. अक्कल बेताची आणि ऐट बेसुमार. माझं नाक चाफेकळीसारखं आहे असं माझी एक मावशी एकदा बोलून गेली होती, ते मी घट्ट धरून बसले होते. कुणी माझ्याकडे बघितलं की मी हळूच चेहरा बाजूला वळवायची, म्हणजे नाक नीट दिसावं.

पण अण्णांनी माझ्या नाकाकडे कधी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. अण्णा, म्हणजे हे थोरले दीर, मुंबईला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रंगांवर संशोधन करायचे. विणकराच्या घरातला पोरगा एम. एस्सी. झाला म्हणून गल्लीत साखर वाटली होती म्हणे. युद्ध सुरू झालं, परदेशी रंग यायचे बंद झाले, आणि अण्णा गाठोडं बांधून घरी परत आले. साखर खाल्लेल्या लोकांना वाटलं, काढून टाकलं. खरं असं होतं, की अण्णांनी आणि त्यांच्या सरांनी मिळून एक काळा रंग शोधला होता. हिरड्याचा आणि लोखंडाचा काळा रंग आपल्याकडे जुनाच आहे. पण त्यानं कापड लवकर कुजतं, आणि घाई केली तर पाण्यात सुटतोही. अण्णांचा रंग सुटत नव्हता, कापड कुजवत नव्हता. प्रयोगशाळेत सुताच्या लडीवर तो जमला होता. आता माग हवा होता, अख्खी साडी हवी होती. मामंजींचे माग घरात खाली होतेच. परसात हंडा चढला, खानापूरच्या रानातून हिरड्याची पोती आली, आणि आमच्या घराला शाईच्या दुकानासारखा वास सुटला.

त्या रंगाचं पेटंट घ्यायचं होतं, आणि त्याच्या अर्जात असेच एकेक दावे मांडावे लागतात. मला वाटायचं, पेटंट ही रावबहादूरसारखी पदवी असते, नावाच्या पुढं लावायची. माहेरी गेले तेव्हा मी चार मैत्रिणींत सांगूनही टाकलं, की आमच्या घरात आता एक पेटंट होणार. त्यांनी अभिनंदन केलं.

अण्णांनी मला बसवून समजावलं. "हे बघ, जी गोष्ट नवीन हाय, तिचाच हक्क मिळतो. आणि अर्ज जायच्या आधी ती चारचौघांत दिसली, की ती नवीन राहत न्हाई. मग हक्क गेला, माझी आणि सरांची सगळी वर्षं गेली. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"कुणाला सांगायचं न्हाई."

"शाणी हाईस."

एकूण या माणसाच्या जगात दोनच प्रश्न उरले होते. गोष्ट नवीन आहे का, आणि ती जाहीर झाली आहे का. मी पहिल्यांदा वांग्याची भाजी केली, तेव्हा एक घास खाऊन ते गंभीरपणे म्हणाले, "यात नवीन काय?" मी पदरात तोंड लपवून रडले. आमचे हे म्हणाले, "रडू नको, आईला गेली पंचवीस वर्षं हेच इचारतोय." आणि कुणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं : "अजून जाहीर नाही." रस्त्यात कुणी म्हणालं, "काय अण्णा, काय चाललंय?" की "अजून जाहीर नाही." आज घरी काय केलंय? अजून जाहीर नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत काळेकुट्ट, धोतरावर काळे डाग, आणि हे म्हणणार जाहीर नाही! गल्लीनं त्यांचं नावच जाहीरअण्णा ठेवलं.

काळाच का, हे मात्र सगळेच विचारायचे. मामंजी म्हणायचे, "लाल काढ, हिरवा काढ. बाया वर्षभर घेतील. काळं लुगडं कोण घेतंय, संक्रांतीपुरतं?" त्यावर अण्णा म्हणायचे, "आप्पा, काळा रंग लई खोटं बोलतो. दिसतो खोल, आणि पयल्या पाण्याला पळून जातो. त्याला एकदा खरं बोलायला लावायचंय." लग्नानंतर थोड्याच काळात त्यांची बायको, तारा, तापानं गेली होती. नंतर त्यांनी लग्न केलं नाही. मी मनात म्हणायची, बायको नसली की माणूस रंगाशी असा बोलायला लागतो.

थंडी पडली आणि मागावरून साडी उतरली. काळीभोर चंद्रकळा, लाल काठ. अण्णांनी ती ट्रंकेत घातली आणि ट्रंकेवर स्वतः झोपायला लागले.

आणि संक्रांत आली. माझी पहिली संक्रांत. नव्या सुनेनं काळी साडी नेसायची, हलव्याचे दागिने घालायचे आणि गल्लीतल्या बायकांनी येऊन तिला बघायचं. युद्धामुळे बाजारात धड काळं सूत नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "यंदा लालच नेस बाई." मी तीन दिवस फुगून बसले. पांढऱ्या हलव्याच्या बिंदीखाली माझं नाक लाल साडीवर कसं खुलणार, ही माझ्यापुढची अडचण होती. तिकडं युद्ध चालू होतं ते चालू होतं.

चौथ्या दिवशी अण्णा समोरच्या बापूराव वकिलांना आमच्या कट्ट्यावर घेऊन आले. मी दाराआड कान लावून.

"वकीलसाहेब," अण्णा म्हणाले, "एक कायद्याचा प्रश्न हाय. हळदीकुंकू सार्वजनिक आहे काय?"

वकील इतके हसले की त्यांचा तंबाखू सांडला. "अण्णा, शहापुरात हळदीकुंकवाएवढं सार्वजनिक दुसरं काय हाय? कोर्टातली बातमी एक वेळ दडंल!"

"म्हणजे तिथं नवी साडी दिसली, तर पेटंट जाईल?"

"जाईलच की. तुमचा अर्ज कधी जाणार कलकत्त्याला?"

"सर कागद तयार करायला लागलेत. शिमगा उजाडंल."

"मग शिमग्यापर्यंत कळ काढा. अर्ज गेला की खुशाल मिरवा."

"शिमग्याला संक्रांत येत न्हाई, वकीलसाहेब. आणि आमच्या घरात आता दुसरी नवी सून यायची न्हाई."

दाराआड माझी छाती फुगली. बघा, म्हटलं. माझ्यासाठी!

अण्णांनी मग हळूच विचारलं, "पण शहापूर तर सांगली संस्थानात हाय. पेटंटचा कायदा इंग्रजांचा."

वकील एकदम सरळ बसले. परक्या ठिकाणच्या वाचकांना सांगते, आमच्या बाजूला चार पावलं टाकली की राज्य बदलायचं. शहापूर संस्थानचं आणि लागून बेळगाव इंग्रजांचं. गाय इकडची असायची, चरायची तिकडं.

"हां," वकील म्हणाले, "म्हणजे शहापुरात दिसली तर ती ब्रिटिश हद्दीत दिसली न्हाई. झकास! पण बेळगावची एखादी बाई बघून गेली आणि तिकडं बोलली तर?"

"प्रत्येकीला शपथ घालतो."

"मग ती विश्वासात घेतलेली बाई झाली. विश्वासातली बाई म्हणजे पब्लिक न्हवं." वकिलांनी मांडीवर थाप मारली. "मात्र एक जरी बोलली, तर सगळं पाण्यात. हे तुमच्या जिवावर बरं का. मी काय सांगितलेलं न्हाई."

"मी काय ऐकलेलं न्हाई," अण्णा म्हणाले आणि ट्रंक उघडायला गेले.

हळदीकुंकवाच्या दिवशी अण्णांनी घरातल्या एका गुलाबदाणीला शेजारून आणखी दोन आणून जोड दिली, आणि माठभर गुलाबपाणी करून ठेवलं. आत्याबाई म्हणाल्या, "हळदीकुंकू हाय का आंघोळ?" आणि म्हणता म्हणता त्यांना काहीतरी आठवलं. मग स्वतःच तांब्या बुडवून गुलाबदाण्या भरायला लागल्या.

बायका यायला लागल्या. बायकांच्या समारंभात बाप्या माणसाचं काम काय? पण अण्णा उंबऱ्याशी तिळगुळाचं ताट घेऊन उभे. मर्यादा म्हणून तोंड भिंतीकडं. येईल तिला भिंतीकडं बघतच म्हणायचे, "तिळगूळ घ्या, बोलूच नका! आत जे दिसंल ते शिमग्यापर्यंत बाहेर सांगणार न्हाई, म्हणा. बनशंकरीची शपथ." कुणी हसली, कुणी कपाळाला हात लावला, पण शपथ सगळ्यांनी घेतली. बेळगावहून आलेल्या दोघींना तर दोनदा घ्यावी लागली. इंग्रजांच्या हद्दीतल्या म्हणून.

मी आत पाटावर बसले होते. अंगावर ती चंद्रकळा, गळ्यात, दंडात, कपाळावर पांढराशुभ्र हलवा. नाक वर. बायकांनी गुलाबपाणी शिंपडलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. आणि सगळ्या टक लावून बघत राहिल्या. मी नाक आणखी वर केलं. मग कोपऱ्यावरच्या गोदाक्का पुढं झाल्या. गल्लीतलं सगळ्यात मोठं तोंड त्यांचं. त्यांनी गुलाबदाणी उचलली, माझ्या खांद्यावर शिंपडली, गळ्यावर शिंपडली, आणि शेवटी झाकण काढून सरळ माझ्या छातीवर उपडी केली. मी कुडकुडले. गोदाक्कांनी हलव्याच्या माळेतला एकेक दाणा बोटांनी फिरवून बघितला. खोलीत माझ्या दातांशिवाय कशाचा आवाज नव्हता. माझ्या रूपानं आज गोदाक्कांचीसुद्धा वाचा बसवली, असं मी खुशाल धरून चालले.

आता पेटंटचं सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. शहापूरच्या बायकांची जीभ कशी असते ते मला ठाऊक आहे, माझीही तिथंच घासून निघाली. पण त्या शिमग्यापर्यंत एकीनं तोंड उघडलं नाही. अर्ज गेला, पुढं कलकत्त्याहून कागद आला. वर सरांचं नाव, त्याखाली अण्णांचं. विद्यापीठात टाळ्या झाल्या म्हणे. मग युद्ध संपलं, परदेशी रंगाचे डबे परत आले, आणि हिरडा उकळायची कुणाला गरज उरली नाही. अण्णा मुंबईला गेले आणि कशाकशाचे तरी नवे दावे मांडत राहिले. त्या काळ्याबद्दल हळहळताना त्यांना कुणी बघितलं नाही. का, ते मला एकटीला ठाऊक होतं, त्या संध्याकाळपासून.

त्या संध्याकाळी सगळ्या गेल्या तरी गोदाक्का बसून राहिल्या. मला राहवेना. तोंडून एक शब्द काढून घ्यावा म्हणून मी लाडानं विचारलं, "अशा काय बघत होता वो सगळ्याजणी?"

"हलवा," गोदाक्का म्हणाल्या.

"हलवा?"

"मग काय तुझं नाक बघतो का? तारीला बसवलेलं गं, ह्याच खोलीत. तिची पयली संक्रांत. साडी ह्याच घरातली, ह्याच मागावरची, घाईनं रंगवलेली. गुलाबपाणी पडलं आणि रंग सुटला. गळ्यातला सगळा हलवा काळा. हाताला, गालाला, डोळं पुसायला गेली तर कपाळालाबी. विणकराची सून, आणि अंगावर रंग पळतोय! आम्ही लई हसलो. पयली हसले ती मीच." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "वर्षात पोर गेली. ती हसतेली कुणी परत बघितलीच न्हाई. मग हा गेला मुंबईला, शिकायला."

गोदाक्का उठल्या. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाल्या, "सांग त्याला. आज बघितलं म्हणावं आम्ही."

मी परसात गेले. अण्णा विझलेल्या चुलीपाशी, हंड्याला पाठ लावून बसले होते. मी आधी कामाचं बोलले. "अण्णा, सगळ्या गेल्या. बेळगावच्याबी. कुणी कुठं बोलायची न्हाई."

"ते असू दे गं," अण्णा म्हणाले. "कुणी हसलं का?"

"न्हाई."

"गोदाक्का?"

"त्यांनी अख्खी गुलाबदाणी उपडी केली माझ्यावर. हलवा पांढराच राहिला."

"सगळा?"

"सगळा. एकेक दाणा फिरवून बघितला त्यांनी. बघितलं म्हणून सांगा, म्हणाल्या."

अण्णांनी मान हलवली. मग आपल्या काळ्या हातांत तोंड झाकून घेतलं. मी पायरीवर बसले. चंद्रकळा अंगाला चिकटली होती, थंडीनं मला हुडहुडी भरली होती. आत्याबाईंनी आतून दोनदा हाक मारली. पण अण्णा उठेपर्यंत मी काही उठले नाही.